दाजी, पेटी उघडली

दाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी लोकांना हसवलं.

आधी हे सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहवणार नाही. बरकतपुऱ्यात तुमच्या इमारतीखाली, स्कूटर लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. वंदना झाली, भन्तेजी बोलले. तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्यानं दोनदा विझल्या, तुमच्या लेकीनं, प्रज्ञानं, त्या तिसऱ्यांदा लावल्या. मग कुणीतरी म्हणालं, "मेहुण्यानं दोन शब्द बोलावेत." मी उभा राहिलो आणि मला काही सुचेना. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते उचलतो. मी तुमच्या कानाचा किस्सा उचलला.

म्हटलं, दाजींना आपल्या कानाचा केवढा अभिमान! सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, नुसत्या खरखरीवरून कुठल्या गल्लीत केबलमध्ये पाणी शिरलंय ते सांगायचे. पण एकदा मी त्यांच्या पाठीमागं दोन अ‍ॅम्प्लिफायर ठेवले, ताईला नॉब फिरवायला सांगितलं आणि विचारलं, दाजी, आता कुठला वाजतोय? तर दाजी म्हणतात, दोन्ही एकच आहेत! लोक हसले. रडून सुजलेले डोळे पुसत पुसत हसले. ताईसुद्धा हसली. मला वाटलं, बरं झालं, दाजी असते तर त्यांनाही हेच आवडलं असतं. फक्त तुमचे एक्सचेंजमधले सोबती रामुलूगारू हसले नाहीत. त्यांना मराठी नीट कळत नाही, म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

त्यानंतर चार दिवसांनी मी ती पेटी उघडली.

ताई तुमच्याशी लग्न करून हैदराबादला आली आणि पाठोपाठ शिकायला म्हणून आईनं मलाही तुमच्याकडं पाठवलं. मी आठवीत होतो. परभणीकडच्या खेड्यातून आलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा मेहुणा. तुम्ही मला बोलतं करायच्या भानगडीत पडला नाहीत. घरातला बंद पडलेला रेडिओ माझ्यापुढं ठेवलात, एक पेचकस दिलात आणि म्हणालात, "बिघाड शोध." मला तीन रविवार लागले. तुम्हाला तो पहिल्याच मिनिटाला दिसला होता, हे फार वर्षांनी ताईकडून कळलं. तीन रविवार तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात आणि मी भलत्याच तारा ओढत होतो, पण तुमच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मी चिडलो तेव्हा म्हणालात, "दाखवून दिलेला बिघाड माणूस विसरतो रे. ज्याचा त्याला सापडला की जलमभर ध्यानात राहतो."

कामाच्या तुमच्या आणखी दोन रीती होत्या. ढिला सापडलेला स्क्रू आवळला, की त्याच्या डोक्यावर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. सगळ्या स्क्रूंना नाही, ज्यानं दगा दिला त्यालाच. पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं, की इथं एकदा गडबड झाली होती. ताई ओरडायची, की माझ्या नखांपेक्षा या घरातल्या मशीनींनाच जास्त नेलपॉलिश लागते. दुसरी रीत म्हणजे, दुरुस्ती झाली की ज्याची तक्रार त्याला स्वतः फोन करायचा, "दुरुस्ती झाली, आवाज येतोय का?" म्हणून विचारायचं आणि तो "येतोय" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तोवर तक्रार उघडीच. त्या रेडिओच्या वेळी मी खालच्या दुकानातून घरी फोन केला होता, आणि तुम्ही अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात "येतोय, येतोय, मेहेरबानी" म्हणाला होतात.

मी पुढं औषधाच्या कंपनीत तपासणीच्या कामाला लागलो. गोळी फेकायची की पाठवायची ते ठरवणं ही माझी भाकरी. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिथं अंगात मुरलं. तुम्ही म्हणायचात, "मिलिंदराव आता जेवतानासुद्धा भाताचं वजन करतील." खरं म्हणजे आपलं सगळं भांडण इथूनच सुरू झालं. तुमचा भरवसा कानावर, माझा कागदावर.

दोनेक वर्षांपूर्वी तुमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला. रेकॉर्ड प्लेअर धड होता, कॅसेटचा डेक धड होता, स्पीकर धड होते, पण मधला डबा गेला आणि सगळं घर मुकं झालं. नवा घ्यायचा ठरलं, आणि आपण दोघं वर्षभर दर दुसऱ्या रविवारी कोठीच्या बाजारात मुनीरभाईंच्या दुकानात जायला लागलो. वरचा मजला, अरुंद जिना, आत एक सोफा आणि भिंतीला लावून ठेवलेले डबे. व्हॉल्व्हचा घ्यायचा नाही, ट्रान्झिस्टरचाच, एवढ्या एका गोष्टीवर आपलं जमलं. "मला ऐकायचंय. दिवे बघायचे नाहीत न् गरम व्हायची वाट बी बघायची नाही," म्हणालात. त्यापुढं मात्र आपली तोंडं दोन दिशांना.

तुमचा जीव जडला होता त्या काळ्या, बुटक्या डब्यावर. पुढं दोनच नॉब, एक आवाजाचा आणि एक काय वाजवायचं ते निवडायचा. बास नाही, ट्रेबल नाही, रिमोट नाही. मी म्हणालो, "दाजी, ह्यात आहे काय?" तुम्ही म्हणालात, "नाही तेच तर बघतोय." जोड जितके जास्त तितकी खरखर जास्त, हे तुमचं केबलचं गणित. आवाजाच्या वाटेत माणसानं कमीत कमी हात घालावा. मी दाखवत होतो तो चंदेरी डबा दुप्पट ताकदीचा होता, बास, ट्रेबल, डावं-उजवं, सगळी बटणं असलेला. छापील माहितीनुसार आवाजातला बिघाडही, टक्क्यांत मोजलेला, त्याचाच कमी होता. मी ते कागद फाइलला लावून आणायचो. मुनीरभाई हात जोडायचे. "क्या साब, शादी का रिश्ता देख रैं क्या? साल होने को आया. लेना है तो लो, नैं तो चाय पीके जाओ." आपण चहा पिऊन यायचो.

त्या काळ्या डब्याचं तुमचं वेड कशापायी होतं, ते मला माहीत होतं. माहीत असून मी जे बोललो ते आता गिळता येत नाही. तुमच्याकडं एक कॅसेट होती, तुमच्या गावच्या जयंतीच्या कार्यक्रमाची. गावातल्याच गायन पार्टीची भीमगीतं, मधे मधे लहान मुलं ओरडतायत, कुणीतरी माइकवर फुंकर मारतंय. मागं कोरस धरणाऱ्यांत तुमचा थोरला भाऊ होता. तो त्याच वर्षी गेला. त्याचा एक धड फोटोसुद्धा तुमच्याकडं नव्हता. मुनीरभाईंच्या दुकानात तुम्ही ती कॅसेट काळ्या डब्यावर लावलीत, डोळे मिटलेत आणि थोड्या वेळानं म्हणालात, "हा बघ. हा आमचा दादा. डावीकडून दुसरा. ओळ संपताना जरासा मागं राहतोय बघ." चंदेरीवर लावली तर म्हणालात, "गर्दीत मिसळला."

मी म्हणालो, "दाजी, कोरसात कुठं एका माणसाचा आवाज वेगळा कळतो का? तुम्हाला ऐकायचंय म्हणून ऐकू येतं." तुम्ही कॅसेट काढून खिशात ठेवलीत आणि खाली उतरताना कठडा धरून उतरलात.

मग परीक्षेची टूम मीच काढली. आमच्याकडं असंच करतात, कुठली गोळी खरी आणि कुठली नुसती साखरेची हे घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मुनीरभाईंनी दोन्ही डबे एका रविवारापुरते दिले, सोमवारी परत करायच्या बोलीवर. "घर को ले जाओ, दिन भर सुनो, पीर को वापस ला दो. मगर इस बार फैसला करके आना, साब." मी घरी बसून पत्र्याची एक पेटी तयार केली. मागं दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा जोडायच्या, पुढं एकच नॉब. डावीकडं फिरवला की काळा, उजवीकडं फिरवला की चंदेरी. स्विच आत मागच्या बाजूला बसला होता, नॉबचा दांडा तिथवर पोचत नव्हता, म्हणून मी मधे पितळेची एक नळी घालून नॉबचा आणि स्विचचा असे दोन्ही दांडे स्क्रूनं आवळले. घरी तपासून पाहिलं, झकास चालत होतं. स्कूटरवर पायाशी ठेवून पेटी तुमच्याकडं आणली. काचीगुड्याजवळचा तो उखडलेला रस्ता तुम्हाला माहीतच आहे.

तो रविवार मला आता मिनिटामिनिटाचा आठवतो, आठवू नये असं वाटतं तरी. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. परीक्षेला बसल्यासारखे भिंतीकडं तोंड करून खुर्चीवर बसलात. ताई पेटीजवळ. प्रज्ञा कामाचा लॅपटॉप मिटून येऊन बसली, म्हणाली, "पप्पा, ऑल द बेस्ट." मी वही घेतली. सुरू करायच्या आधी तुम्ही वळून म्हणालात, "मिलिंद, पेटी एकदा उघडून बघू का?"

आणि मी म्हणालो, "परीक्षेला बसणाऱ्यानं पेपर तपासायचा नसतो, दाजी."

तुम्ही हसलात आणि परत भिंतीकडं वळलात.

ताईनं नॉब फिरवला. मी विचारलं, कुठला? तुम्ही बराच वेळ ऐकलंत. "परत फिरव." परत फिरवला. "परत." तुमच्या कपाळावर आठ्या. प्रत्येक वेळी मला तर फरक लख्ख ऐकू येत होता. उजवीकडं फिरवला की आवाज भरदार, डावीकडं फिरवला की जरा सुका. वहीत मी तसं लिहिलंसुद्धा. प्रज्ञा म्हणाली, "हो मामा, डिफरन्स आहे." ताईसुद्धा म्हणाली, "हौ, जरासा फरक वाटायला." शेवटी तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी हळू म्हणालात, "मला काही फरक नाही कळायला. दोन्ही एकच आहेत."

मी टाळी वाजवली, दाजी. खरंच वाजवली. वर्षभराचं भांडण जिंकल्याचा आनंद झाला मला. "गेले, दाजींचे कान गेले!" असं ओरडलो आणि सगळे हसले. तुम्ही खुर्ची उचलून जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "मग तुझ्या मनासारखा घे."

चंदेरी डबा तुमच्या घरात आला. त्यानंतर तो किस्सा मी कुठं कुठं नाही सांगितला. नात्यातल्या लग्नात सांगितला, प्रज्ञाच्या साखरपुड्यात सांगितला, मुनीरभाईंना तर अभिनय करून दाखवला. ते म्हणाले, "ऐसा कैसा होता साब?" आणि मी म्हणालो, "उमर हो गई, भाई." तुमच्याकडं आलो की दारातूनच, "दाजी, मोठ्यानं बोलू का?" तुम्ही म्हणायचात, "बोल बाबा. आता कान कुठं राहिले." अ‍ॅम्प्लिफायर नेहमी बंद. मी विचारायचो, "ऐकत नाही का?" तर म्हणायचात, "काय ऐकायचं आता." मला वाटायचं, हरले म्हणून रुसलेत. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा म्हणून मी त्याची मजासुद्धा घेतली.

आणखी एक वाक्य तुम्ही दर खेपेला बोलायचात. मी निघताना, चपला घालताना. "मिलिंद, तुझी ती पेटी इथं पडलीय. घेऊन जा, एकदा उघडून बघ." मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आता तिचं काय काम, दाजी. राहू द्या, पडली तर पडली. शेवटचं भेटलो तेव्हाही म्हणालात. माझ्या हातात ताईनं दिलेला जेवणाचा डबा होता, गडबड होती. मी म्हणालो, "हो हो, नेतो." आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

परवा ताईनं ती पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. फडक्यात गुंडाळून, सुतळीनं बांधलेली. म्हणाली, "ही ने बाबा. लई वेळा म्हणले ते. त्यांच्या माघारी तरी ने." मी तिथंच, तुमच्या खुर्चीत बसून तिचे चार स्क्रू काढले. का काढले माहीत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं. झाकण उचललं आणि आत पितळेच्या नळीवर, स्विचकडच्या स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. ताई दोनदा काय झालं म्हणून विचारून गेली. तो स्क्रू ढिला सापडला होता तुम्हाला. ढिला होता म्हणजे ताई पुढचा नॉब फिरवत होती आणि मागचा स्विच जागचा हलत नव्हता. सगळा वेळ एकच अ‍ॅम्प्लिफायर वाजत होता. "दोन्ही एकच आहेत," असं तुम्ही म्हणालात. ते एकच होते, दाजी. त्या खोलीत आम्ही तिघं नॉबकडं बघून ऐकत होतो आणि एकटे तुम्ही कानानं ऐकत होतात. भरदार आणि सुका, जे मी वहीत लिहिलं, ते माझ्या डोक्यातच वाजत होतं. ऐकायचंय म्हणून ऐकू येतं, असं मी तुम्हाला म्हणालो होतो ना? ते माझंच झालं.

आमच्या प्रयोगशाळेत पहिला नियम असा आहे, की वजनाचा काटा जागेवरून हलवला तर पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर काही तोलायचं नाही. हे मी नव्या लोकांना घसा बसेपर्यंत सांगतो. आणि स्वतःची पेटी खड्ड्यांतून स्कूटरवर आणून मी न तपासता तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही तपासू का म्हणालात तर तुम्हाला गप्प केलं. त्या दिवशी नक्की कुठला डबा वाजत होता, तुमचा की माझा, हे आता कधीच कळणार नाही.

मी ताईला विचारलं, त्यांनी पेटी कधी उघडली होती? ती आठवत म्हणाली, "तू मशीनी वापस द्यायला गेलास न्, त्याच सोमवारी. उघडली, आत बघितलं न् एकटेच हसले. माझी नेलपॉलिश मागितली. मी विचारलं काय झालं, तर म्हणले, काही नाही. मिलिंदची पेटी हाये, त्याचं त्याला सापडू दे." मग मी तिला ठिपक्याचा अर्थ सांगितला. सांगायला नको होता, असं सांगता सांगताच वाटलं, पण तोवर उशीर झाला होता. ती आपल्या हाताकडं बघत राहिली. "म्हंजे मी रिकामाच नॉब फिरवत होते?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन् मी हसले रे."

मी म्हणालो, चूक माझी आहे, तुझी नाही. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. मग म्हणाली, "तुला वाटते त्यांनी ऐकणं सोडलं. रोज ऐकायचे. दुपारची जेवणं झाली की दोन तास. खालून तुझ्या स्कूटरचा आवाज आला की बंद करायचे."

"कामून?"

"काय की. तुझ्यापुढं नव्हतं ऐकायचं त्यांना."

हे वाक्य तिनं काही दुखवायला म्हटलं नाही, पण माझ्या जिवाला ते लागलं आणि लागलेलं आहे. मी उठून तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ गेलो. बास, ट्रेबल, दोन्ही नॉब बरोबर मधोमध, त्यांच्या खाचेत धूळ. कुणी कधी हातच लावला नव्हता. कोपऱ्यात "डायरेक्ट" लिहिलेलं एक बारकं बटण आहे, ते आत दाबलेलं होतं. ते दाबलं की बास-ट्रेबल सगळं वाटेतून बाजूला होतं आणि आवाज सरळ पुढं जातो. फाइलमध्ये त्याच्याबद्दल एक ओळ होती, मी ती कधी वाचलीच नव्हती. माझ्या मनासारखा घेतलेला डबा तुम्ही एका बटणानं तुमच्या मनासारखा करून घेतला होता आणि मला सांगितलंही नव्हतं.

दाजी, मला तुमचा राग येतोय. खरं सांगतो. आठ महिने तुम्ही वाट बघितलीत. एकदा नुसतं म्हणायचं होतं, "गाढवा, स्क्रू ढिला होता." मी शरमलो असतो, चार दिवस तोंड लपवलं असतं आणि मग आपण कोठीला जाऊन तो काळा डबा आणला असता. तीन रविवार रेडिओपुढं बसवायला मी आता आठवीत नव्हतो, आणि तुमच्याकडंही तेवढे रविवार उरले नव्हते. पण तुम्ही कसे माणूस, मला माहीत आहे. तुम्ही सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. म्हणालो असतो, स्क्रू नंतर ढिला झाला असेल. कागद काढला असता. तुम्हाला माझ्या तोंडून कबुली नको होती, मला दिसायला हवं होतं. आणि दिसावं म्हणून तुम्ही दर वेळी दारापर्यंत येत होतात. मला शिकवणारं या शहरात दुसरं कोण होतं? जे काही मी आहे ते त्या रेडिओपासून आहे, आणि तुमचं शेवटचं शिकवणं मी लिफ्टमध्ये शिरून टाळलं.

काल ती कॅसेट लावली. ताई शेजारी बसली होती. बटण डायरेक्टवर, आवाज तुम्ही ठेवला होता तेवढाच. माइकवरची फुंकर, मुलांचं ओरडणं, मग कोरस. डावीकडून दुसरा. ओळ संपताना जरासा मागं राहणारा. मी डोळे मिटून चारदा ऐकलं. मला गर्दीच ऐकू आली, दाजी. तुमचा दादा मला सापडला नाही. तुमच्याबरोबर त्याला ओळखणारा शेवटचा कानही गेला. ताईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू दे आता."

प्रज्ञाला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, फॅमिली ग्रुपवर टाका ना. सगळ्यांना कळू दे." टाकणार आहे. ज्यांना हसवलं त्या सगळ्यांना सांगणार आहे, विहारातही उभं राहून सांगणार आहे. मुनीरभाईंकडं गेलो होतो, काळा डबा बनवणं कंपनीनं बंद केलंय म्हणाले. मग म्हणाले, "वो अकेले भी आते थे साब, कैसेट लेके. उस काले वाले पे सुनते, सलाम करते, चले जाते."

आज सकाळी रामुलूगारूंना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, स्क्रूपासून. शेवटी म्हणाले, "मेरे को उसी दिन मालूम था, साब. वो एक बोला तो एकच होगा. चौतीस साल में उसका कान गलत नैं हुआ." मी म्हणालो, माफ करा, मी सगळ्यांसमोर हसं केलं त्यांचं. तर म्हणाले, "मेरे को काय को बोल रैं? कम्प्लेंट जिसकी है, उसको बोलना."

म्हणून तुम्हाला सांगतोय. दाजी, पेटी उघडली. पितळेच्या नळीतला स्क्रू ढिला होता. माझ्या हातानं आवळलेला, मी न तपासलेला. तुमचे कान चांगले होते, माझे खराब होते. बिघाड सापडला, उशिरा सापडला, पण माझा मलाच सापडला.

आवाज येतोय का?

तुम्ही "येतोय" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नसतो, तुम्हीच शिकवलंय.